घुमटातली आठवी ओ

परवा समोरच्या घरात चुना भिजवला. लेकाचं लग्न काढलंय म्हणून मालक स्वतः पिंपाजवळ उभा. आजकाल कोण चुना लावतं? रंगाचे डबे आणतात, झाकण उचकटतात, फासतात. याला कुणीतरी सांगितलं असावं की गच्चीवर चुना मारला की घर गार राहतं. चुनकळी पाण्यात पडली, वाफ उठली आणि तो वास माझ्या खिडकीतून आत आला. मला ऐकू येत नाही आता. डाव्या कानात यंत्र आहे, तेही मर्जीचं. सुनेचं बोलणं तेवढं नेमकं गाळतं, असं सून म्हणते. पण नाक शाबूत आहे. त्या वासासरशी तळहाताची कातडी ओढल्यासारखी झाली आणि मी खिडकीत उभी राहून बोटं मोजायला लागले. सात बोटं वर झाली. आठवं करावं की नाही या विचारात मी तशीच उभी. सून दारातून बघत होती. काहीतरी बोललीही असेल.

आमच्या गावाला चुन्याचा हंगाम होता. ज्वारीचा असतो, कापसाचा असतो, तसा चुन्याचा. फाल्गुन लागला, शाळू खळ्यावर येऊन पडला, माळावरचे पळस पेटले, की चुनकळीची गाडी गावात यायची. गाव पिंगळी ठेसनापासून तीन कोसांवर, ओढ्याच्या काठी. गावाच्या उगवतीला, पांदण संपते तिथं, एक घुमट. खाली चौकोनी काळ्या दगडाच्या भिंती, चारी बाजूंनी कमानी, दारापुरती एकच उघडी, वर चुन्यानं लिंपलेला गोल घुमट. पंचक्रोशीत कुठूनही बघा, ज्वारीच्या वर तो पांढरा माथा दिसायचा. लग्न होऊन आले तेव्हा गाडीतून पहिला तोच दिसला. मी सतरा-अठरा वर्षांची, आणि इतकं मोठं, इतकं गप्प असं काही मी सेलूतसुद्धा बघितलं नव्हतं. सेलूला मामाकडं राहून मी चौथी शिकलेली, त्यामुळं मला वाटायचं, आपण सगळं बघितलंय.

आत कबर नव्हती. गोष्ट सगळी तिथंच आहे. कुणासाठी एवढा घुमट उठवला, ते गावात कुणाला सांगता यायचं नाही. कुणी म्हणायचं, एका सरदारानं स्वतःसाठी बांधला आणि लढाईला गेला, तो आलाच नाही. कुणी म्हणायचं, बायकोसाठी बांधला, तर तीच त्याच्याआधी कुठं निघून गेली. फरशीच्या मधोमध कबरीएवढी जागा बिनदगडाची ठेवलेली, नुसती माती. तिच्यावर गवत उगवत नसे. पारवेसुद्धा आत घरटं करत नसत, कमानीवर बसायचे आणि आत मान घालून बघायचे.

आणि तो घुमट बोलायचा. आत मधोमध उभं राहून आवाज दिला की परत यायचा, एकदा नाही, सात वेळा. दर खेपेला लहान, दर खेपेला लांब. गावाचा नेम असा, की आत कुणाचं नाव घ्यायचं नाही. नाव घेतलं की ते माणूस तिथं अडकतं म्हणे. नुसती ओ द्यायची. कुणी हाक मारल्यावर आपण देतो ना, तशी. लग्न झालेलं जोडपं, नवी गाय, मूठभर नवी ज्वारी, सगळं घुमटाशी न्यायचं, दारात नारळ फोडायचा, आणि घरच्या एकानं आत जाऊन ओ देऊन यायची. मराठ्याचं घर असो, माळ्याचं असो, मोमिनांचं असो. मी नवी असताना थोरल्या जाऊबाईंना विचारलं, “हाक कुणी मारलेलीच न्हाई, मग ओ कुणाला द्यायची?”

गयाबाई माझी थोरली जाऊ. तोंडानं फाटकी, मनानं मऊ. ती म्हणाली, “ज्याचं घर रिकामं हाय त्याला. त्यानं मारली आसंल हाक, आपल्याला आयकू आली न्हाई आसंल. ओ देऊन मोकळं व्हावं, बाई. उगं शानपना करू नये.”

दर साली घुमटाला चुना चढवायचा मान एकेका घराचा. मान म्हणजे बैलजोडी द्यायची, मिस्त्रीला भाकरी द्यायची, आणि घरातल्या एका बाईनं महिनाभर चुन्याला हात द्यायचा. त्या वर्षी मान आमच्या घराचा होता, चुन्याला हात माझा आणि सोबतीला गयाबाई. निजामाच्या राज्याचं ते शेवटचं वर्ष निघालं, पण तेव्हा ते कुणाला ठाऊक? गावातली चार तरणी पोरं निजामाविरुद्ध लढायला सरहद्दीपलीकडच्या कॅम्पात गेलेली, त्यात माझा धाकटा दीर. रझाकार आले अशी आवई उठायची आणि भर दुपारी बायका-पोरं तुरीच्या पाट्यात जाऊन बसायची. तूर कधीच काढून नेलेली, उभ्या होत्या त्या नुसत्या तुऱ्हाट्या, त्यात कोण लपणार होतं? तरी बसायचो. लांबून कुणी हाक मारली तर आधी आवाज कुणाचा ते ताडायचं, मग ओ द्यायची, अशी सगळ्यांची सवय झालेली. अशा दिवसांत चुना कशाला, असं पाटील म्हणाले. माझे सासरे, त्यांना आम्ही मामंजी म्हणायचो, ते म्हणाले, “पाऊस काही राजा इचारून येत न्हाई. घुमट गळला म्हंजी?” झालं, गाडी पिंगळीला गेली.

करीममिस्त्री सेलूचा. आगगाडीनं पिंगळीला उतरायचा, तिथून आमची बैलगाडी. पांढरी दाढी, हात कोपरापर्यंत चुन्यानं खाल्लेले. त्याच्याजवळ एक थापी, एक ओळंबा आणि लाल फडक्यात बांधलेले पाच गोटे. नदीतले, काळे, लोण्यासारखे गुळगुळीत. ते त्याच्या आज्याच्या हातचे. बोलायचा कमी. काही विचारलं की मान हलवून “हौ” म्हणायचा. मामंजी लय हसायचे: “मिस्त्रीला इचारलं जेवलास का, म्हंतो हौ. म्हनलं पायाजवळ इचू हाय, तरी बी हौ!” आम्ही पदराआड हसायचो. आता आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

चुन्याचं काम म्हणजे स्वयंपाकच. आधी चुनकळी खड्ड्यात विरवायची, तो खड्डा आठ-आठ दिवस आतल्या आत उकळत राहायचा. मग वाळू घालून घाणीत मळायचा. घाणी म्हणजे जमिनीत गोल दगडी चर, त्यात दगडी चाक, चाकाला बैल. बैल फिरतोय, चाक कुरकुरतंय, मी मागं मागं फिरून चुना लोटतेय. त्यात काय काय पडायचं! गुळाचं पाणी, बेलाचा गर, उडदाची पेज, तागाचे बारीक तुकडे. घाणी घुमटाच्या दारासमोरच होती, आणि फिरता फिरता बैल दाराशी आला की मान आखडून घ्यायचा. रोज, दर फेऱ्याला. मी म्हटलं, सवयीनं जाईल. गेलं नाही.

आतलं काम नाजूक. जुना पोकळ झालेला गिलावा ठोकून काढायचा, नवा चढवायचा, शेवटचा लोण्यासारखा चुना हातानं फिरवायचा आणि सुकता सुकता गोट्यानं घोटायचा. घोट घोट घोटायचा, तोंड दिसेपर्यंत. ते काम चाचानं मला शिकवलं. मी त्याला चाचा म्हणायला लागले होते, तो मला बेटी. सासरी मला दुसरं कुणी त्या आवाजात हाक मारत नव्हतं, खोटं कशाला बोलू?

एकदा मी विचारलं, खाली चौकोन आणि वर गोल, हे बसवलं कसं? तोंडाकडं बघून त्याला प्रश्न कळला. त्यानं खांद्यावरचा रुमाल फरशीवर अंथरला. चौकोनी रुमाल. चारी कोपरे थोडे थोडे आत दुमडले. “गिन.” आठ कोन झालेले. परत कोपरे दुमडले, सोळा. मग रुमालाभोवती बोट फिरवून म्हणाला, “अब गोल होने कू कित्तासा रह्या?” वर बघितलं तर तसंच होतं. चौकोनाच्या चार कोपऱ्यांत चार तिरप्या कमानी, म्हणजे दुमडलेले कोपरे, त्यांच्यावर आठ, त्यावर सोळा, आणि मग घुमट. महिनाभर त्याखाली राबत होते आणि मला ते दिसलं नव्हतं. घुमटाच्या बुडाशी बाहेरून कमळाच्या पाकळ्या कोरलेल्या, आमच्या महादेवाच्या देवळात आहेत तशाच. मी बोट दाखवलं. चाचा हसला. “हाथ वोइच, बेटी. मालिक बदले.”

आणखी एक सांगितलं त्यानं. घुमट बांधताना खालून लाकडाचा आधार देत नाहीत. विटांचं एकेक कडं रचतात. कडं पुरं झालं की ते स्वतःला धरून राहतं, त्याच्यावर दुसरं. पडतं ते अर्धवट राहिलेलं कडं. त्यामुळं सुरू केलेलं कडं त्याच दिवशी पुरं करायचं, मग पाऊस येवो की वादळ. हे सांगताना त्यानं माझा हात धरून भिंतीला लावला. भिंत गार होती. बाहेर बैल थांबलेला, गयाबाई भाकरी आणायला गेलेली, आम्ही दोघं गप्प. तरी भिंत थरथरत होती, अगदी बारीक. मी हात काढून घेतला. चाचानं नाही काढला. तो डोळे मिटून तसाच उभा राहिला.

त्याचं गुपित मला कळलं ते एका दुपारी. तो वर बांबूच्या परांचीवर उकिडवा, पाठ माझ्याकडं. परांचीचा दोर गाठीतून सुटायलाय, हे मला खालून दिसलं. “चाचा, दोर! दोर सुटायलाय!” मी जिवाच्या आकांतानं ओरडले. घुमटानं माझं ओरडणं सात वेळा फिरवलं. अख्खा घुमट ‘दोर दोर’ करत होता, आणि तो माणूस शांतपणे भिंत घोटत होता. मी ओल्या चुन्याचा गोळा उचलून त्याच्या पाठीत हाणला. तेव्हा वळला. दोर बघितला, खांबाला मिठी मारून खाली आला, आणि त्या मधल्या मातीच्या जागेशेजारी बसला.

“कान गये मेरे,” तो म्हणाला. “तीन साल हुए. किसीकू बोलना नक्को, बेटी.”

घुमटाच्या मिस्त्रीला तर कानच लागतो. गिलावा ठोकला की भरीव वाजतो की पोकळ, हे ऐकायचं असतं. तो हातानं ऐकायचा. तळहात भिंतीला लावायचा, दुसऱ्या हातानं ठोकायचा. तेवढं भागायचं. पण एक गोष्ट हाताला येत नव्हती. ती त्यानं मला त्या दुपारी सांगितली.

त्याच्या बापानं याच घुमटाला एकदा आतून पुरा नवा गिलावा दिला होता. करीम तेव्हा मिसरूड फुटायच्या वयाचा. काम संपल्यावर बापानं मधोमध उभं राहून ओ दिली, आणि घुमटानं ती आठ वेळा परत दिली. आठ. बाप म्हणाला, बांधला तेव्हा घुमट आठ वेळा बोलायचा, असं माझ्या बापानं सांगितलंय. आठवी आली म्हणजे कुठं पोकळी नाही, कुठं चीर नाही, घुमट पुरा झाला. पुढं दोन पावसाळे गेले, चिरा पडल्या, परत सात. त्यानंतर करीमनं दर वेळी ठिगळं लावली होती, पुरा गिलावा कधी झाला नव्हता. या वर्षी तो पुरा करत होता. आपला हा शेवटचा हंगाम, हे त्याला ठाऊक होतं. फक्त ऐकू येणार नव्हतं.

“हाथ सुनता है,” तो तळहात दाखवून म्हणाला, “गिनता नहीं. तू गिन. बोलना मत, उंगलियाँ दिखाना.”

मी हौ म्हटलं. देवाशपथ, मला त्या म्हाताऱ्याची इतकी माया आली की रडूच फुटलं.

मग रोज काम सुटताना मी मधोमध उभी राहायची, ओ द्यायची, आणि बोटं वर करायची. सात. तो मान हलवायचा, भिंतीवर हात फिरवत कुठं राहिलंय ते शोधायचा. सात. परत सात. जसजशी भिंत घोटली जात होती तसतसा माझा आवाज बदलायला लागला होता. आधी परत यायचा तो मळलेला, जाडाभरडा. आता स्वच्छ. एवढा स्वच्छ की आपण दिलेली ओ कोणती आणि परत आलेली कोणती, हे मधेच कळायचं नाही. कोपऱ्यात गयाबाई स्वतःशी पुटपुटली तरी समोरच्या कोपऱ्यात कुणी कानाशी लागून बोलल्यासारखं व्हायचं. मी दचकून वळायची. तिथं नुसती चकचकीत भिंत, आणि तिच्यात पुसटशी मी.

चैत्र लागला. शेवटचा हात फिरला. चाचा बाहेरून शिडीनं माथ्यावर चढला होता, कळसाच्या बुडाशी चुना भरायला. आत मी आणि गयाबाई. दुपारची वेळ, बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि आत माठासारखं गार. शेवटचा गोटा फडक्यात बांधला, मधोमध उभी राहिले आणि सवयीनं ओ दिली.

एक. दोन. तीन. वर वर जात, बारीक होत. पाच. सहा. सात, ती तर अगदी केसाएवढी. मी श्वास सोडला.

आणि आठवी आली.

ती बारीक नव्हती. वरून आली नाही. माझ्या पाठीमागून आली, माणसाच्या उंचीवरून, जराशा उशिरानं. कुणीतरी आधी विचार केला आणि मग ओ दिली, तशी. माझाच आवाज, पण थकलेला, वयस्कर बाईचा. पायाखालची ती मातीची जागा मऊ लागली. मी मागं बघितलं नाही. गयाबाईनं बघितलं की नाही ठाऊक नाही, ती किंचाळली, ते किंचाळणंही घुमटानं घेतलं, आणि ती पदर सावरत गावाकडं पळत सुटली.

अर्ध्या घटकेत गाव जमा. दाराच्या लांबच उभे, लिंबाच्या सावलीत. आत पाऊल टाकायची कुणाची छाती नाही. गयाबाई सांगतेय, “आठवी ओ आली. आपली न्हवं ती. दुसऱ्याच बाईची.”

एरवी नारळ फोडून मोकळे झाले असते लोक. पण ते दिवस तसे नव्हते. आधीच प्रत्येकाच्या पोटात भीती, ती कुठंतरी बाहेर पडायलाच बघत होती. एक जण म्हणाला, “रिकाम्या घरात कुनीतरी आनून बसवलंय.” दुसरा म्हणाला, “मिस्त्रीनंच चुन्यात काय कालवलं आसंल.” तिसऱ्यानं पहार मागितली, नवा गिलावा सगळा खरवडून काढा म्हणून. आणि ‘मिस्त्री’ हा शब्द आता ते निराळ्या चवीनं म्हणत होते. महिनाभर आमच्या भाकरीवर जेवलेला माणूस तासाभरात ‘त्यांच्यातला’ झाला. पाटलांचा पुतण्या शिडीला हात घालून उभा होता.

चाचा खाली उतरला. त्याला काहीच ऐकू येत नव्हतं. समोर पन्नास तोंडं हलतायत, एवढंच दिसत होतं. पाटलांनी विचारलं, “काय मिस्त्री, आठवी ओ कुनाची?” चाचानं हसून मान हलवली आणि म्हणाला, “हौ.”

लोकांत एक घोगरा आवाज उठला. मला अजून तो आवाज स्वप्नात येतो. कान गेल्यावरही स्वप्नात नीट ऐकू येतं, हे एक नवलच आहे.

मामंजी पुढं झाले. “महिनाभर आमची धाकटी ओ द्यायलीय. तिलाच जाऊ द्या आत. ती सांगंल किती ते.” पाटलांनी मान डोलावली. मी पदर डोईवर ओढून आत गेले. चाचा दाराच्या उंबऱ्याशी आला, माझ्या हातांकडं बघत. त्याच्या लेखी ही काही गावची पंचाईत नव्हतीच. काम पुरं झालं होतं, गाव बघायला जमलं होतं, आणि आता बेटी मोजणार होती. त्याचा चेहरा मी कसा सांगू? बारशाला पाळण्याकडं बघतात तसा होता.

मी ओ दिली. आठ वेळा आली. आठवी तशीच, मागून, उशिरानं, वयस्कर. बाहेर लिंबाखाली मोजण्याइतकं नीट ऐकू जात नव्हतं.

बाहेर पहार होती. मी बाहेर आले, सगळ्या गावासमोर दोन्ही हात वर केले, आणि सात बोटं दाखवली. “सात,” मी ओरडले. “सातच! गयाबाईला भास झाला.”

गयाबाईनं माझ्याकडं बघितलं. ती फाटक्या तोंडाची बाई, पण त्या वेळी तिला काय उमगलं कोण जाणे, खाली बसली आणि म्हणाली, “भासच झाला आसंल बाई. ऊन लागलं मला.” लोक हळूहळू पांगले. पहार घेऊन आलेला पहार घेऊन गेला.

चाचा माझी बोटं बघत होता. मी हात खाली केले तरी ती जिथं होती तिथंच बघत होता. मग भिंतीपाशी गेला, तळहात ठेवला, काढला. लाल फडक्याची गाठ परत घट्ट केली. मी मनात म्हणत होते, थांब चाचा, ही माणसं जाऊ देत, मी तुला सांगते. एवढा वेळ थांब.

पण मामंजी शहाणे होते. लोकांचे डोळे त्यांनी बघितले होते. त्यांनी तिथंच गाडी जुंपली, मिस्त्रीचं सामान टाकलं, आणि आत्ताच्या आत्ता पिंगळीला पोचवतो म्हणाले. मामंजींसमोर सुनेनं परक्या पुरुषाशी बोलायची रीत नव्हती. मी चुन्यातल्या पेजेची भांडी घासल्याचं सोंग करत घाणीशेजारी उभी राहिले, एकदा त्यानं माझ्याकडं बघावं म्हणून. गाडीत चढताना त्यानं बघितलं. माझे हात राखेनं भरलेले, एका हातात पातेलं, मामंजी मधे. तो हसला आणि एवढंच म्हणाला, “सात भी अच्छा है, बेटी.”

गाडी हलली. तो पुढं तोंड करून बसला होता. मग मात्र मला राहवेना. मी पातेलं टाकलं आणि गाडीमागं पळाले. रीतभात गेली खड्ड्यात. “चाचा! आठ! आठ होते!” मी दोन्ही हात वर करून आठ बोटं हलवत पळत होते. मामंजी गाडीच्या तोंडाला, चाकांची खडखड, त्यांना कळलं नसेल. आणि तो तर बहिराच. पाठमोऱ्या बहिऱ्या माणसाला हाक मारून काय उपयोग? त्यानं एकदा मागं वळून बघितलं असतं तर! पांदणीच्या वळणापर्यंत मी पळाले. धुरळा बसला तेव्हा समोर कुणी नव्हतं.

श्रावणात मामाकडं सेलूला गेले की सांगू, पुढच्या फाल्गुनात तो आला की सांगू, असं मी स्वतःला समजावत राहिले. भादव्यात भारताच्या फौजा आल्या, निजामाचं राज्य गेलं. आमचा दीर परत आला, गावानं पेढे वाटले. आणि त्याच दिवसांत या जिल्ह्यात ज्यांचा कशात हात नव्हता अशी ‘त्यांच्यातली’ किती साधी माणसं मारली गेली, ते कुणी मोजलं नाही. करीमचाचा परत आला नाही. मामंजी मुद्दाम सेलूला जाऊन आले. घराला कुलूप होतं. कुणी म्हणालं लेकीकडं हैदराबादेला गेला, कुणी काहीच म्हणालं नाही. मामंजींनी आल्यावर पाय धुतले आणि जेवले नाहीत. घुमटाला त्यानंतर चुना चढला नाही. मान कुणाच्या घराचा, हे विचारायचंही लोक विसरले.

पुढं आम्ही परभणीला आलो, मी राहिलेलं शिक्षण पुरं केलं आणि मास्तरीण झाले. पोरांना आवाजाचा धडा शिकवताना मीच मला समजावलं की गुळगुळीत, टणक भिंतीवरून आवाज जास्त परत येतो, त्यात भूत कसलं? फळ्यावर काढून दाखवायची. पण ती आठवी मागून का आली, उशिरा का आली, आणि म्हाताऱ्या बाईची का होती, हे कुठल्या पुस्तकात नव्हतं. आणि मला टोचत होतं ते भूत नव्हतंच. एका माणसानं जन्मभराचं काम पुरं केलं होतं, आणि ते अर्धवट राहिलं असं समजून तो गेला. ते मी केलं. त्याचा जीव वाचवायला केलं, हे खरं आहे. जीव तरी वाचला का, ते ठाऊक नाही.

चुन्याचा वास आला त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी नातीला म्हटलं, “मुक्ता, मला गावी ने.” रस्ताभर तिला ही सगळी गोष्ट सांगितली. दुपारी पोचलो. बैलाची घाणी मातीत गेलेली, चाक कुणीतरी उचलून नेलेलं. घुमट मात्र उभा. बाहेरून काळा पडलेला, कमळाच्या पाकळ्यांत गवत. आत गेले आणि थांबलेच. आतला गिलावा जसाच्या तसा. हात फिरवला तर अजून गुळगुळीत, एक चीर नाही. भिंतीत कुणी म्हातारी माझ्याकडं बघत होती. तिला ओळखायला मला क्षणभर वेळ लागला.

मुक्ताला उंबऱ्यावर उभं केलं. मधोमध गेले. गावाचा नेम मोडला, आयुष्यात पहिल्यांदा तिथं नाव घेतलं. “करीमचाचा, ओ!” म्हणून जेवढ्या जोरात ओरडता येईल तेवढ्या जोरात ओरडले, आणि तळहात भिंतीला लावला. भिंत थरथरली. थांबली नाही लवकर. हात ऐकत होता, मोजत नव्हता. यंत्रातून नुसती खरखर.

मी मुक्ताकडं बघितलं. तिनं दोन्ही हात वर केले. आठ बोटं.

मी कितीतरी वेळ तिच्या तोंडाकडं बघत राहिले. खरंच आठ, की आजीचं मन राखायलीय? गोष्ट तर तिला मीच सांगितली होती. तिच्या चेहऱ्यावरून काही कळेना. माझ्याही चेहऱ्यावरून त्या माणसाला काही कळलं नव्हतं.

“चल,” म्हटलं. आम्ही पांदणीला लागलो. चार पावलं गेलो असू. मुक्ता एकदम थांबली, मागं वळली, आणि तिचे ओठ गोल झाले. मला ओठ वाचता येतात आता.

“कुणाला ओ दिलीस?” मी विचारलं.

तिनं माझ्याकडं बघितलं. चेहरा पांढरा पडलेला. ती सावकाश बोलली, मला कळावं म्हणून. “हाक मला नव्हती, आजी. तुला हाक मारली ना आत्ता, मागून? बेटी म्हणून. तुला ऐकू येत नाही म्हणून मी ओ दिली.”

मी वळले. दारात कुणी नव्हतं. आत अंधार, आणि दुपारचं ऊन उंबऱ्यापर्यंत आलेलं. मी दोन्ही हात वर केले, आठ बोटं उघडली, आणि हात भरून येईपर्यंत तशीच उभी राहिले.